अंतरपाट धरणाऱ्यांचे हात

तीर्थस्वरूप तातेराव मामांच्या पायांवर बिभीषणचं डोकं.

गुडघा कसा आहे? मामीला नमस्कार, अन् तुमच्या तृप्तीला विचारलं म्हणून सांगा (मामी आत गेल्यावर). फोन तुम्ही उचलून न्हाई राह्यले, म्हणून पत्र. मी खुशाल आहे. म्हणजे मार बसला न्हाई.

"काय लिहिणार अन् कोणासाठी, हे बराबर ठरव, तवर वडीगोद्रीला पाय ठेवू नको," असं तुम्ही बजावल्तं. मी ठरवलं, कादंबरी लिहायची, सगळ्या जगासाठी. तिच्यासाठी गावं बघायला धावड्याला निघाल्तो, पण केदारखेड्यात चहाला उतरलो (चहा बिलकुल पाणचट, पण ते जाऊ द्या) अन् तिथल्या साहेबरावांच्या पोरीच्या, प्रेमलाच्या लग्नात अडकलो. लेखक आहे म्हणल्यावर साहेबरावांनी दोन्हीकडच्या माणसांची नावं घालून मंगलाष्टकं लिहायला सांगितली. मंग काय! मोठ्या काकाला कडवं दिलं की धाकटा रुसायचा, धाकट्याला दिलं की जावई तोंड फिरवायचा. मी कोणाला न्हाई म्हणलो न्हाई (घरोघर भजी होती).

लग्नात माइक मीच धरला. नवरीच्या आत्यांपर्यंत आलो तर अक्षता संपल्या. लोक खालच्या वेचून टाकून राह्यले. नवरदेवाच्या मावश्या सुरू झाल्या अन् अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. अंतरपाट उतरत उतरत नवरीच्या हनुवटीखाली आला. प्रेमलानं नवरदेवाकडं बघितलं, मंग माझ्याकडं. "दादा, राहिलेले नातेवाईक जेवताना वाढा!" म्हणाली अन् हार घालून मोकळी झाली. वाजंत्री सुटली.

मी पळायसाठी चप्पल शोधून राह्यल्तो, तेवढ्यात नवरदेवाच्या केशरबाई मावशीनं गाठलं. म्हणलं, संपलं आता. तर मावशी म्हणती, "माझं नाव यायच्या आधीच उरकलं की रे मेल्या! माझ्या पोराच्या लग्नाला तूच लिही. पण आधी माझं नाव घे, अन् जल्दी खाली बस."

मामा, काय हलकं वाटलं म्हणून सांगू! सगळं जग डोक्यावरून उतरलं. ध्येय ठरलं: मंगलाष्टकं लिहायची, लग्नघरांसाठी, अन् अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखायच्या आत संपवायची. कादंबरी रद्द. आता तरी येऊ का?

तुमचाच भाचा,
बिभीषण

ता. क. तृप्तीच्या लग्नाचं कडवं लिहून ठेवलंय. नवरदेवाच्या जागी लई नावं घालून बघितली, पण चालीत एकच बसतं: बिभीषण. माझा नाइलाज आहे.

ता. ता. क. कडवं तृप्तीला ऐकवलं (ती फोन उचलते). म्हणाली, "नाव राहू दे. बाकीचं काट."