गाडी कुठली होती

आई, इकडं आखातात आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटात त्रिनिदादची एक बाई राहते. शाळेत शिकवते आणि गोष्टी लिहिते. तिच्या पणजोबांच्या आधीचं कुणीतरी बोटीनं हिंदुस्थानातून तिकडं ऊस तोडायला गेलं आणि तिकडचंच झालं. तिच्या पोळीत वाटलेली डाळ भरलेली असते, पण तिखटमिठाची. मी म्हटलं, आमची पुरणपोळी गूळ विसरली की अशी होते, तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तू असतीस तर तिला समोर बसवून आधी सगळं कूळ विचारून घेतलं असतंस.

दर शुक्रवारी दुपारी ती बेटावरच्या मावश्यांना फोन लावते आणि आठवडाभरात घरच्यांवर लिहिलेलं वाचून दाखवते. तिथं तेव्हा सकाळ असते. फोन स्पीकरवर. मला त्यातलं निम्मंच कळतं, भांडण मात्र पूर्ण कळतं. एक मावशी ओरडते, त्या दिवशी मासे नव्हतेच, वांगं होतं! दुसरीला नवऱ्याचं पिणं गोष्टीतून काढून हवं असतं. ही थोडं काढते, थोडं मुद्दाम ठेवते. ऐकायचं नाही तर विचारतेस कशाला, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "एवढ्या लांब राहून मी त्यांच्याशी दुसरं भांडू तरी कशावरून?" मला तिचा सरळसरळ हेवा वाटला.

गेल्या शुक्रवारी तिनं मला, मी लिहायला घेतलेली गोष्ट सांगायला लावली. मी तिसरीत आहे. तू भर तासात वर्गाच्या दारात उभी, ठेवणीतली साडी नेसून, हातात पिशवी. "मामाकडं कार्य आहे," असं बाईंना सांगतेस. मामा तर आपल्याच गल्लीत राहायचा, आणि बाईंनाही ते ठाऊक होतं. आपण एसटी स्टँडवर जातो. तू मला कागदात भजी घेऊन देतेस. गाड्या येतात, जातात. एका गाडीला तू उठतेस, दारापर्यंत जातेस, दांड्याला हात लावतेस आणि परत येऊन बाकावर बसतेस. मग म्हणतेस, "चल, कणीक मळायचीय." वाटेत एवढंच, "बाबांना सांगायचं नाही हं." नाही सांगितलं.

शेजारणीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कुठली होती?" आई, मला माहीत नाही! पाटीकडं मी बघितलंच नाही, माझं लक्ष भज्यांत. तू परत का आलीस, एवढंच मी इतकी वर्षं घोळवत बसले. तू निघाली होतीस कुठं, हे कधी मनातच आलं नाही. कोण होतं तिकडं? मैत्रीण? नोकरी? की नुसतंच पुढचं गाव बघायचं होतं? मला घेऊन जाणार होतीस, की मला बघूनच थांबलीस? पिशवीत काय होतं, ते तरी सांग.

ती म्हणते, बाबांना फोनवर वाचून दाखव, त्यांना माहीत असेल. तू गेल्यापासून बाबा विचारतातही दर आठवड्याला, "सध्या काय लिहितेस?" मी म्हणते, काही नाही, ऑफिसचंच. त्यांना वाचून दाखवणार नाही. तुला शब्द दिलाय, आणि भांडायला मला तूच हवी आहेस. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. गोष्टीत मी तुला त्या गाडीत बसवलंय. खिडकीपाशी, एकटीला. मी शाळेतच आहे.