दोघी रेजिना, एक दाखला

निर्मळ,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मोठी,

सप्रेम जय येशू. आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल. यात्रा आटोपली, रस्ता मोकळा झाला. केळी यंदा बरी आलीत, फुलांना मात्र कीड लागली. आचोळे इथून रिक्षाने जेमतेम अर्धा तास, तरी पत्र लिहावं लागतं, कारण तू माझा फोन घेत नाहीस.

ऑक्टोबरात मला सहासष्ट पूर्ण झाली. लंडनच्या हॉस्पिटलात चादरी धुण्यात अकरा वर्षं घालवली, त्याची थोडीफार पेन्शन मिळेल म्हणून आमच्या लविनाने तिकडे अर्ज केला. उत्तर आलं की रेजिना डाबरे नावाची एकच बाई त्यांच्या दप्तरी आहे, सरकारी विम्याचा नंबर एकच, आणि तिची पेन्शन तीन वर्षांपूर्वीच सुरू झाली. पत्ता आचोळे!

लविना म्हणाली, "मम्मी, तुझी अकरा वर्षं मोठी आंटीच्या खात्यात गेली गं."

पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं ही आपली रीत, म्हणून आपल्या बापांनी, दोघा भावांनी, दोघींना आजीचंच नाव दिलं. पण घरात मोठी कोण आणि छोटी कोण यात कधी घोळ झाला नाही. मग तिथेच कसा झाला? तुझी पेन्शन सुरू व्हायच्या आधी तू आलीस आणि माझ्या पगाराच्या चिठ्ठ्यांचा बिस्किटांचा डबा मागून नेलास. "बघून देते," म्हणालीस. चार वर्षं झाली, अजून बघतेच आहेस? सणाच्या मिस्सेला चर्चमध्ये मला पाहून बाक बदललास. तुमच्या शेजारची प्रिस्का सांगत होती, तुझ्याकडे नवं कपाट आलं. मला कपाटाचं काही नाही गं, पण माणूस उगाच तोंड लपवत नाही.

लविना विचारते, तुमच्या जन्मतारखा वेगळ्या, मग नंबर एक कसा? मी म्हटलं, असेल काहीतरी त्यांची चूक. बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा विषय मी तिच्याकडे काढलेला नाही. तूही काढू नकोस.

पंधरा दिवसांत डबा आणि खुलासा दोन्ही आले नाहीत, तर मी तिकडे तक्रार करीन. मग म्हणू नकोस की छोटीने सांगितलं नाही.

तुझी,
रेजिना


निर्मळ,
१० जानेवारी २०२६

प्रिय मोठी,

नाताळ तुमचा कसा गेला हे विचारायला जीभ रेटत नाही.

काल तुझा रायन डबा ठेवून गेला. उंबऱ्याच्या आत आला नाही. "आंटी, मम्मीने दिलंय. तिची पेन्शन बंद केलीय त्यांनी, कोणीतरी कम्प्लेंट केली. मला काही विचारू नका हां," एवढंच बोलला आणि स्कूटर वळवली. माझ्या हातात डबा तसाच राहिला.

मोठी, पंधरा दिवसांची मुदत खोटी होती. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आठवडाभर आधीच मी तक्रार धाडली होती. तू माझ्या नावावर खातेस असं लिहिलं. लविनाने दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, नक्की.

डब्यात माझ्या सगळ्या चिठ्ठ्या वर्षावार बांधलेल्या निघाल्या. तळाशी तुझ्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची नक्कल आणि तुझ्या हातची चिठ्ठी: 'छोटी, तुझी वर्षं वेगळी करायला मी तिकडे अर्ज केला होता. त्यांनी विचारलं, दोघींचा जन्म एकाच दिवशी कसा? मी अर्ज मागे घेतला.'

लंडनला जायच्या वेळी मला एकविसावं लागलं नव्हतं आणि तिकडे कामाला एकवीस पूर्ण हवी होती. मी फादरांकडे गेले आणि रेजिनाचा दाखला मागितला. त्यांनी वही उघडून विचारलं, "लुईसची की पास्कलची?" मी म्हटलं, लुईसची, तुझ्या पप्पांची. एका शब्दाचं काम होतं. माझा पासपोर्ट तुझ्या तारखेवर निघाला. तीन वर्षांनी तू स्वतःच्या खऱ्या दाखल्यावर तिकडे आलीस, तेव्हा तुला सांगितलं गेलं की तुझा नंबर आधीच आहे. त्या रात्री भांडायचं सोडून तू माझ्यासाठी भात टाकलास. आणि मी तुला चोर म्हटलं.

माझ्या वर्षांचे पैसे तुला मिळत होते, हेही खरं. मला अजून वाटतं, तू एकदा तरी सांगायला हवं होतंस. शंकेखोर स्वभाव असा एका दिवसात जात नाही. पण खोटं मी बोलले आणि भोगतेस तू. प्रिस्काकडून कळलं, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं.

सोमवारी मी चर्चमध्ये जाऊन माझा खरा दाखला काढणार आहे. सगळं लिहून तिकडे पाठवते. ती अकरा वर्षं कदाचित बुडतील, वर आणखी काय होईल ते होईल. लविनाला आज सकाळी सांगितलं. ती कागद-पेन घेऊन बसली.

तिकडे जाणाऱ्या त्या कागदावर करणार आहे तीच सही आधी तुझ्यापुढे करते. लंडनला असताना मी पप्पांचं नाव कधीच लावलं नव्हतं.

तुझी छोटी,
रेजिना पास्कल डाबरे
जन्म ७ ऑक्टोबर १९५९