कायम बंद

३ मार्च, सोमवार
आलो एकदाचा! खोली मिळाली, नोकरी मिळाली, आणि खिडकीतून अर्धं गाव दिसतं. माणसाला आणखी काय हवं असतं? (एक गोष्ट हवी आहे. ती याच गावात आहे.) घरमालकीण काकूंनी दोन अटी घातल्या. जिन्यात चपला वाजवायच्या नाहीत आणि भिंतीला खिळा मारायचा नाही. मी दोन्हींना मान डोलावली. आज त्यांनी उलटं टांगून झोप म्हटलं असतं तरी झोपलो असतो.

कॉलेज सुटल्याचं दुःख नाही. घरचे म्हणतात, शेवटचं वर्ष होतं, जरा कळ काढायची होतीस. पण तिच्याबद्दल घाणेरडं बोलणाऱ्याच्या कानाखाली जाळ काढल्यावर त्यालाच माफीपत्र लिहून द्यायचं? माझ्याच्यानं झालं नसतं. त्यानंतर ती कॉलेजात दिसलीच नाही. महिन्याभरानं कळलं, तिला आत्याकडे पाठवलंय, या गावात. आत्याचं नाव तेवढं मिळालं, पत्ता मात्र कोणी देईना. म्हणून ही नोकरी! गॅसच्या मीटरवर डब्या बसवायच्या, घरोघर. अख्ख्या गावाची दारं वाजवायचा मला चक्क पगार मिळणार आहे.

५ मार्च, बुधवार
काम शिकलो. शिकवणाऱ्याला सगळे पाना म्हणतात, कारण हातातला पाना तो कधी खाली ठेवत नाही. जांभई आली तर तोंडासमोर हाताऐवजी पानाच धरतो. बसवायच्या वस्तूला कागदोपत्री बिनतारी ट्रान्समीटर असं भारदस्त नाव आहे. आमच्यात नुसती डबी. साबणाच्या वडीएवढी. मीटर घराच्या बाहेरच्या भिंतीवर असतो, त्याच्या काचेशेजारी डबी बसवायची, दोन स्क्रू, एक सील. आत कोणी शेगडी पेटवली की मीटरमधलं चाक फिरतं. एक फेरा पुरा झाला की डबीत एक ठोका पडतो आणि तो आमच्या हातातल्या मशीनवर उमटतो. यापुढे आकडे टिपायला कुणाच्या दारात जायला नको. बसवून झाल्यावर आतल्या माणसाला शेगडी पेटवायला सांगायचं, पहिला ठोका पडेपर्यंत थांबायचं, मग मशीनवर तीनपैकी एक बटण दाबायचं. 'बसवली', 'घर बंद' किंवा 'कायम बंद'.

'घर बंद' म्हणजे कुलूप आहे, पुन्हा यायचं. 'कायम बंद' म्हणजे तिथं कोणी राहतच नाही. ते घर यादीतूनच जातं. पाना म्हणाला, तिसऱ्या बटणाला आपण होऊन बोट लावायचं नाही. मी म्हटलं, बटणच आहे ना, बंदूक आहे का? तर म्हणाला, भडक्या, बंदुकीला निदान आवाज तरी असतो.

भडक्या म्हणजे मी. तीन दिवसांत बारसं झालं. म्हणे, हा काडी लावायच्या आधीच पेटतो.

८ मार्च, शनिवार
चार दिवसांत एकसष्ट डब्या. एक म्हातारा शिंपी डबीला घाबरला, त्याला वाटलं ती घरातलं बोलणं ऐकते. मी म्हटलं, आजोबा, हिला फक्त शेगडी कधी पेटली ते कळतं. त्यावर आजी आतून ओरडल्या, म्हणजे हे दिवसातून कितीदा चहा उकळतात ते सगळ्या गावाला कळणार म्हणायचं!

संध्याकाळी पुढच्या आठवड्याची यादी आली. दुसरी गल्ली, घर क्रमांक चौदा. नाव तिच्या आत्याचं! मुकादमांनी विचारलं, कॉलेजकुमार, यादी वाचून कोण नाचतं रे?

११ मार्च, मंगळवार
पिवळं दार, शेजारी जाळीची खिडकी, आतून पडदा. पाना पलीकडच्या रांगेत होता. डबी बसवताना स्क्रू दोनदा हातातून पडला. आवाज जाड करून ओरडलो, गॅसवाला! आतून उत्तर आलं, आत्या बाहेर गेलीय. तीच! म्हटलं, नुसती शेगडी पेटवा, चाक फिरलं की मला इथं कळतं. तिनं पेटवली. चार मिनिटांनी पहिला ठोका पडला. ती चार मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची.

मग मी कोण ते सांगितलं.

ती दारामागूनच बोलली, शांतपणे. म्हणाली, त्या दिवशी वाईट बोलणारा एक होता. तू त्याला मारलंस आणि दुसऱ्या दिवशी बोलणारे दोनशे झाले. म्हणाली, माझ्यासाठी कोणी भांडू नये म्हणून मी इथं आलेय. मी म्हटलं, एकदाच उघड. दार ठोकलं. लाथही मारली, खोटं कशाला लिहू? पंधरा नंबरची बाई दारात येऊन बघायला लागली. आतून आवाज आला, जा तू. असं समज, या घरात कोणी राहतच नाही.

समज काय! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन हातातच होतं. म्हटलं, नाही राहत ना? मग नाहीच राहत! तिसरं बटण दाबलं. मशीननं विचारलं, खात्री आहे? हो. पुन्हा विचारलं. हो, हो, हो!

घरी येताना जिन्यात चपला मुद्दाम वाजवल्या.

१२ मार्च, बुधवार
माफी मागायला गेलो. अकरा, बारा, तेरा. पंधरा.

दोनदा मोजलं. तेराची भिंत पंधराच्या भिंतीला जाऊन टेकली आहे. मधे बोळ नाही, फट नाही. आणि त्या जोडावर, कमरेच्या उंचीला, मीटर. त्यावर माझी डबी, माझं सील. मीटरमधून निघालेला पाइप सरळ गिलाव्यात शिरलाय.

पंधरावालीला विचारलं. तिला कालचा मी आठवतोय, लाथ आठवतेय, पण ती म्हणाली, तू भिंतीलाच लाथ मारत होतास. चौदा नंबर या गल्लीत पहिल्यापासूनच नाही.

एक वयस्क बाई पिशवी घेऊन गल्लीत येरझाऱ्या घालत होत्या. दुसऱ्या हातात किल्ली. मला बघून ओशाळं हसल्या. म्हणाल्या, काय सांगू बाळा, कुणाकडे तरी आले होते, आणि कुणाकडे तेच विसरले. वय झालं. नाक अगदी तिचंच. पंधरावालीनं त्यांना पाणी दिलं, आत नेऊन बसवलं.

१५ मार्च, शनिवार
यादीत चौदा नंबर नाही. पण डबी जिवंत आहे. त्या भिंतीशी उभं राहिलं की मशीनवर डबीचा नंबर येतो, नावाची जागा कोरी. सकाळी सातला दोन ठोके. चहा असणार. दुपारी पाच. संध्याकाळी चार. आत कोणीतरी रांधतंय, जेवतंय.

पानाला आणून दाखवलं. मी काय केलं ते कबूलही केलं. त्यानं पाना या हातातून त्या हातात घेतला. विचारलं, कुणाचं घर होतं? नाव सांगितलं. म्हणाला, या नावाचं कोणी आपल्या यादीत नव्हतं रे. ही भटकी डबी, दुसऱ्याच मीटरचं काहीतरी पकडत असेल.

मुकादमांचे पाय धरले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे तरी धरले. ते म्हणाले, 'कायम बंद' उलटत नाही. नवीन जोडणीचा अर्ज करावा लागतो, आणि तो तिथं राहणाऱ्यानंच भरायचा. नाहीतर एकतीस तारखेला पाइप तोडून मीटर काढतात. अशा सगळ्यांचेच काढतात, त्यात काय एवढं?

सोळा दिवस.

१९ मार्च, बुधवार
ठोके आता जेवणाच्या वेळेला पडत नाहीत. सारखे पडतात. सकाळपासून, एकामागून एक. तिला कळलंय. मीच सांगितलं होतं ना, चाक फिरलं की मला कळतं. दार ठोकून पाहिलं असेल, ओरडून पाहिलं असेल. आता शेगडी पेटवून हाका मारतेय.

पानाचा पाना मागून घेतला आणि पाइपवर तीनदा वाजवलं. ठोके बंद झाले. काहीच नाही. मग एक. दुसरा. तिसरा. मग बंद.

भरदुपारी गल्लीत उकिडवा बसून रडलो.

२४ मार्च, सोमवार
आत्या अजून पंधरावालीकडेच आहेत. त्याच खऱ्या राहणाऱ्या! त्यांना भिंतीपाशी आणलं, मशीनवर अर्ज उघडून दिला. स्वतःचं नाव त्यांनी नीट लिहिलं. घराच्या क्रमांकापाशी बोट थांबलं. थांबलेलंच राहिलं. मग विचारलं, इथं तुझं कोण गेलं रे बाळा? किती कोमेजलायस.

मी विचारलं, तुम्हाला भाची आहे का?

म्हणाल्या, असती तर बरं झालं असतं.

किल्ली मलाच दिली. म्हणे, पिशवीत कुणाची आली कोण जाणे.

२७ मार्च, गुरुवार
कामावरून काढलं. गल्लीतून तक्रार गेली, भिंतीशी बोलतो म्हणून. मशीन परत मागितलं. हरवलं म्हणून सांगितलं.

परवा ठोके अकरा. काल सहा. आज दोन.

पाइपवर वाजवतो. उत्तर येत नाही –

२९ मार्च, शनिवार
सुचलं! राहणाऱ्यानं अर्ज भरायचा. मग मीच राहीन!

नाव माझं टाकलं. घर क्रमांक चौदा. मशीननं विचारलं, सध्याचा पत्ता सोडला? हो. खात्री आहे? हो. अर्ज घेतला. पण मंजुरी एक तारखेपासून. एक! आणि पाइप तोडणार एकतीसला –

जिन्यात काकूंनी अडवलं. कोण हवंय? हसलो, म्हटलं, काकू, मी! त्या म्हणाल्या, वरची खोली रिकामी आहे, बघायची असेल तर बघा. आणि त्या दोन अटी सांगितल्या.

३० मार्च, रविवार
दार आहे. पिवळं. पंधरावाली माझ्याजवळून गेली, तिला दिसलं नाही. मीही दिसलो नाही.

किल्ली लागली.

ती स्वयंपाकघरात, शेगडीशी, जमिनीवर. ओठ फुटलेले. मला वाटलं होतं – काय वाटलं होतं ते लिहायची लाज वाटते. तिनं आधी आत्याचं विचारलं. आत्या बरी आहे म्हटलं. मग तिनं विचारलं, मी इथं आहे हे बाहेर कोणाला माहीत आहे? मी छाती काढून म्हणालो, फक्त मला.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, बाहेर मला ओळखणारं एकच माणूस उरलं होतं. तू त्यालाही आत घेऊन आलास.

वळून बघितलं. जिथून आलो तिथं गिलावा. किल्ली हातात आहे –

जाळीतून गल्ली दिसते. गल्लीला आम्ही नाही.

३१
पाना आलाय. जाळीतून दिसतो. मीटरशी बसलाय, हात लांब केला तर पोचेल, जाळी नसती तर –

दोन्ही बर्नर पेटवलेत. पूर्ण. त्याच्या मशीनवर ठोका पडत असणार – पडला! खिशातून काढून बघतोय. थांबलाय.

ती जाळीला तोंड लावून ओरडतेय. मी पाइपवर पातेलं आपटतोय, एका हातानं हे –

पंधरावालीला काही विचारतोय. ती मान हलवते. मागे आत्या. आत्या, सांगा त्याला, आत्या, तुमची भाची – आत्यांनीही मान हलवली.

बसला परत. नट फिरतोय. ज्योत खाली आली – बोटाएवढी –

ती म्हणते, लिहितोस काय, हाक मार, तुझ्याबरोबरचा माणूस आहे ना, नावानं हाक मार. पाना नको, खरं नाव. खरं नाव घेतलं तर कदाचित –

मी कधी विचारलंच नाही. महिनाभर बरोबर फिरलो, एकदाही त्याचं नाव –

निळी – वाटाण्याएवढी – जाळीतला उजेडही आता – तिचा हात माझ्या हातात आहे, की तो माझाच, मला ते नीट दि