सांगणारी पोरगी

बाबा, गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार आहे. तुम्ही होतात तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही, आता ऐका.

दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरहून वणीला यायचे. विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकत होते. कोणता देश कोणाची कशी कोंडी करतो, हेच डोक्यात. आणि तुम्ही कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. बैलबंडीतून मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ताणून पाहायचा आणि एका शब्दात माणसाच्या वर्षभराच्या मेहनतीची प्रत ठरवायची. त्या वर्षांत भाव असा काही पडला की शिव्या सगळ्या तुमच्या वाट्याला. सकाळी आपल्या फाटकात कोणीतरी किडका, पिवळा कवडी कापूस फेकून गेलेलं असायचं. आई तो झाडून काढायची. रस्त्याकडची खिडकी तर आपण दिवसासुद्धा उघडत नव्हतो.

म्हणूनच तुम्ही मला केंद्रावर नेलंत ना? चिडलेल्या लोकांपुढे एका बंडीवर उभं केलंत आणि म्हणालात, "हे माही पोरगी. जगाचं शिकून राह्यली. भाव काहून पडला, तिलेच विचारा." मी सांगितलं. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना सरकारी पैसा देतात, त्यांचा कापूस जगभर स्वस्तात जातो, मग आपल्याला कोण विचारतो? एक म्हातारबा डोकं खाजवत म्हणाले, "मंग आता अमेरिकेले शिव्या द्याव का आमी? तिले तं ऐकूबी नाही येनार!" सगळे हसले. तुम्हीही हसलात, किती दिवसांनी!

झालं. तेव्हापासून मी तुमची ढाल. पुस्तक उघडलं की फाटकाशी कोणीतरी हजर, "सांगणारी पोरगी हाय का घरी?" भिंतीवर मी जगाचा नकाशा लावला होता आणि माझं जग मात्र फाटकापासून केंद्रापर्यंत. जीव गुदमरायचा, बाबा. तुम्हाला दिसत होतं की नाही, देव जाणे.

मग दिल्लीच्या विद्यापीठातून मुलाखतीचं बोलावणं आलं. पुढच्या शिक्षणाचं, इथून सुटायचं. एका सकाळी ताटावरून उठता उठता म्हणालात, "जा बाई. इथं राहून काय करशीन?" आईने दशम्या बांधल्या. नागपूरला दिल्लीच्या गाडीत बसवून द्यायला तुम्ही सोबत निघालात.

गावाबाहेर नाक्यावर कापूसवाल्यांचा रास्ता रोको. रस्त्यावर आडव्या बंड्या, पुढे माणसंच माणसं. एसटी थांबते. खिडकीतून कोणीतरी डोकावतं आणि ओरडतं, "अरे, गिरेडर साहेब हाय आत!" गाडीला गराडा पडतो. मी कंडक्टरला मुलाखतीचं सांगते, तो बिचारा खाली उतरून हातापाया पडतो. त्यांच्यातला एक पुढे येऊन म्हणतो, "पोरीच्या शिक्षणाच्या आड नाही येत आमी. गाडी सोडतो. पण साहेब इथं उतरन." ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. बंड्या बाजूला व्हायला लागल्या. मला पुढचा मोकळा रस्ता दिसत होता.

आणि तुम्ही हळूच म्हणालात, "दोन मिनिटं सांगून दे नं बाई. तुह्यं ऐकतेत ते."

मी तुमच्यासोबत उतरले. एसटी गेली. दोन मिनिटांची दुपार झाली, मी बोलबोल बोलले, घसा बसला. तुम्हाला कोणी बोट लावलं नाही. नागपुरातून दिल्लीची गाडी माझ्याशिवाय निघून गेली आणि दिल्ली काय पुन्हा बोलावते होय?

आता मी वणीतच कॉलेजात तोच विषय शिकवते. मुली विचारतात, "मॅडम, तुम्ही दिल्लीले काहून नाही गेल्या?" मी म्हणते, रस्ता बंद होता. आई जाईपर्यंत म्हणत राहिली, "तुह्या बापानं अडवलं तुले." मी तिचं म्हणणं कधी खोडलं नाही. राग आहेच माझा. अजून आहे, खोटं कशाला बोलू?

हे पत्र टाकायला पेटी कुठली? चहाच्या आधणाखाली जाळून टाकीन. पण एक सांगते, ते आईलाही माहीत नव्हतं. ते वाक्य बोलताना तुम्ही माझ्या ओढणीचं टोक धरलं होतं. कापसाचा धागा धरायचात तसंच, दोन बोटांच्या चिमटीत. इतकं हलकं धरलं होतंत, बाबा. मी ओढलं असतं तर सुटलं असतं.