काळ्या पावाचा तुकडा

रियाझान, ४ मार्च

चि. येफीम यास,
कापाताईचे आशीर्वाद, तुझी लायकी नसताना. वि. वि.

तू अंतराळात निघालास म्हणून इमारतभर माझं कौतुक चाललंय. कशाचं रे? कांदे, लिंबं नि पाण्याच्या पिशव्या वर न्यायच्या, स्थानकाला नवे सौरफलक बसवायला हात लावायचा आणि परत यायचं. याला हमाली म्हणतात. फक्त हमालाला कुणी पदकं देत नाही.

मुद्द्याचं लिहिते. मामंजींना माती दिली, तरी वर बसलेल्या माझ्या नवऱ्याला अजून पत्ता नाही. तुमचे कर्नलसाहेब म्हणतात, कळलं तर मात्वेईचं कामात लक्ष लागणार नाही, उतरल्यावर सांगू. दर रविवारी मी केस विंचरून त्याच्याशी बोलायला रेडिओपुढे बसते नि हसते. त्यानंतर हे शहाणे मामंजींच्या नावाने निरोप वाचतात. वडिलांना तुझा अभिमान वाटतो, म्हणे! ज्या माणसाने जन्मात पोराला गाढवाशिवाय हाक मारली नाही, तो माणूस!

इथे मामंजींच्या फोटोपुढे, गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा, वोडकाचा ग्लास भरून त्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवलाय. पोटच्या पोराने ठेवायचा तो मी ठेवला. तू त्याला तोंडाने सांग.

लोभ आहे. टिकवणं तुझ्या हातात.
तुझी ताई

प्रक्षेपण तळ, ९ मार्च

ती. ताईस,
येफीमचा सा. न. वि. वि.

आम्हाला सगळ्यांपासून वेगळं ठेवलंय. शिंकलो तरी डॉक्टर धावत येतात. तुझं पत्र वाचून रात्रभर तळमळलो. कर्नलसाहेबांनी माझ्याकडून वचन घेतलंय. दाजींना बाहेर जाऊन फलक जोडायचे आहेत, तिथे हात थरथरला तर? शिवाय मी तोंड उघडलं तर माझं पुढचं उड्डाण गेलंच समज. रागावू नकोस.

लोभ असू दे, निदान उतरेपर्यंत.
येफीम

रियाझान, १२ मार्च

चि. येफीम,

पुढच्या उड्डाणाचं लिहिलंस ते बरं झालं. नाहीतर तुला मात्वेईचीच काळजी आहे, असं मला वाटून गेलं असतं. डॉक्टरांच्या हाती मामंजींच्या आवडीचा काळा पाव पाठवतेय. जीभ रेटत नसेल तर मुकाट्याने एवढा दे.

लोभाचं नंतर बघू.
ताई

मॉस्को, २९ मार्च

ती. ताईस सा. न.

कालच उतरलो, दाजी अजून वरच आहेत. स्थानकाचं दार उघडलं तेव्हा त्यांनी स्वागताच्या रीतीप्रमाणे पाव-मीठ पुढे केलं. मी गळ्यात पडलो आणि तुमचे बाबा मजेत आहेत म्हणून सांगितलं. हो, सांगितलं. थुंक माझ्यावर. त्यांनी नुसती मान हलवली.

फलक बसले. बाहेर त्यांचा हात एकदाही चुकला नाही. आत आल्यावर मी तुझा पाव दिला. त्यांनी एक तुकडा कापला, ग्लासाऐवजी कॉन्याक ब्रँडीच्या नळीच्या तोंडावर रबराने बांधला आणि बाबांच्या फोटोशेजारी अडकवला. तेच म्हणाले, "मला कधीच कळलंय. इतके निरोप आले, पण बाबा एकदाही गाढव म्हणाले नाहीत."

मग त्यांनी बजावलं, "कापाला सांगू नकोस. रेडिओवर हसताना तिला किती जड जातं ते ऐकू येतं. म्हणून मीही हसतो."

ताई, कर्नलसाहेबांचं वचन पाळून मी नीचपणा केला. दाजींचं मोडतोय. आता लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.
येफीम

रियाझान, ५ एप्रिल

चि. येफीम,

रविवारी रेडिओपुढे बसले. केस विंचरले नाहीत, हसलेही नाही. कर्नलसाहेब शेजारीच उभे होते. त्यांच्यादेखत नवऱ्याला म्हटलं, "गाढवा, जेवलास का?"

तो वर रडायला लागला. कर्नलसाहेबांनी बटणाकडे हात नेला, तो मी धरून ठेवला. मात्वेईला पोटभर रडू दिलं.

कोबीचं सूप करतेय. जेवायला ये, हमाला.
तुझी ताई