सहावा हात

आबा,

तुमचा दोंडाईच्याला शिवलेला सदरा अजून माझ्या कपाटात आहे. तो दिसला की ती निवडणूक आठवते. पंधरा वर्षांच्या सरपंचकीनंतर अकरा मेंबरांपैकी आपले पाचच आले, आणि तुम्ही दोन दिवस ओट्यावर बसला नाहीत. मग समोरच्या पॅनलमधून निवडून आलेल्या नाना शिंप्यांना जीपमध्ये बसवून पिंप्राळ्याला माझ्या सासरी आणून ठेवलंत. सरपंच निवडेपर्यंत मेंबर असा दडवायची आपल्याकडे रीतच. माझ्या लग्नाचं झंपर याच नानांनी शिवलेलं. ताटावर बसले की म्हणायचे, "ताई, माले घर जाऊ दे. लोके काय म्हनतीन?" मी म्हणायची, "खा ना नाना, कढी थंडी व्हई जाई."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या डॉक्टरांकडे तुमचा फोन आला. तुमचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बेटा, नानाले सोडी दे. गावनं मन माले समजी गयं. खुर्ची गयी ते जाऊ दे." मी "हो आबा" म्हटलं, आणि घरी येऊन नानांना सांगितलं की आबांचा निरोप आहे, उद्या मीटिंगला हात त्यांच्यासाठीच वर करायचा, मगच घर. सासरी माझी ओळख सरपंचांची लेक एवढीच होती. ती जाईल याची मला फार भीती वाटली.

आमच्या ह्यांनी नानांना थेट मीटिंगलाच नेऊन सोडलं. पाचाविरुद्ध सहा हातांनी तुम्ही सरपंच राहिलात. पुढची पाच वर्षं गावात कुणी तुमच्याशी धड बोललं नाही. तरी तुम्ही आईला म्हणायचात, "मी त्याले सोडेल व्हता, तरी तो सोता उना, हात वर कया. एक माणूस ते आपला शे." गद्दार म्हणून नानांच्या दुकानात कुणी फिरकेना, तेव्हा ते दोंडाईच्याला गेले. तुम्ही बस धरून तिथे सदरे शिवायला जायचात. तुम्ही त्यांचे उपकार मानलेत, तेव्हाच तो निरोप तुमचा नव्हता हे त्यांना उमगलं असणार. पण ते माप घ्यायचे, चहा पाजायचे, गप्प राहायचे.

तुमच्या दहाव्याला आले होते. निघताना हळूच म्हणाले, "आबाले मालूम नव्हतं ना, ताई?"

"नही, नाना."

"मंग बरं व्हयनं."

हा कागद त्या सदऱ्याच्या खिशात ठेवते आहे. तुम्ही खुर्ची सोडली होती, आबा. मीच तुम्हाला तिच्यात बसवून ठेवलं.