सात नंबरचं मशीन

४ जानेवारी १९५५, कोपरी
गिरणीने घेतलं! एम.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलेल्या मुलीला मालाची तपासणी शिकायला कोण उभं करतं? पण वाइंडिंग खात्याचे, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्याचे, साहेब हो म्हणाले. काम चोख झालं तर पुढे नोकरीही. आई त्याच खात्यात सकाळपाळीला कांड्या भरते, तिच्याच तोंडी निरोप आला. मी म्हटलं, "गुणांवर मिळालं बघ." ती म्हणाली, "तर काय. जेव आता."

६ जानेवारी
कॉलेज आटपून पोचते तोवर आई घरी गेलेली असते. अंकांच्या कोष्टकावर डोळे मिटून बोट ठेवायचं, येईल त्या नंबरच्या मशीनवरची कांडी घ्यायची. दोरा किती भाराला तुटतो ते बघून तक्त्यावर ठिपका द्यायचा. आपल्या मनाने निवडायचं नाही, हा यातला धर्म.
पहिलाच नंबर सात.
खात्यातल्या जुन्या गोदामावशीने मनगट धरलं. "सात बंद आहे गं. आमची कलावती तिथंच गेली. पदर पट्ट्यात सापडला. दुसरीकडची घे की."
घेतली. धर्म पहिल्याच दिवशी मोडला.

११ जानेवारी
पुन्हा सात. मावशीची पाठ वळताच मी त्या मशीनला हात लावला. गरम होतं. त्यावर ताजा दोरा. खांबाला सुकलेला गजरा.
"कोण चालवतं हे?"
 शेजारच्या मशीनवरची तुळसा म्हणाली, "जिचं मशीन तीच चालवते."
भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कांडी पिशवीत टाकली. 

१२ जानेवारी
सातवरचा दोरा नुसत्या हिसक्याने तुटतो. ठिपका तक्त्यावरच्या खालच्या मर्यादेच्या रेषेच्याही पार खाली.
कॉलेजातले सर म्हणाले, "असा ठिपका खोडायचा नसतो. कारण शोधा."
साहेब म्हणाले, "तेवढा एक गाळा. मग नोकरी तुमचीच."

१३ जानेवारी
कलावती डोळ्यांपुढून जात नाही. मी तिला पाहिलेलंही नाही.
आई हल्ली पदर कमरेला गाठ मारून आवळते. घरी, भाकऱ्या थापतानासुद्धा. विचारलं. "सवय लागली," म्हणाली.

१५ जानेवारी
कॉलेज बुडवून सकाळीच गेले. सातवर आई, पदर कमरेला गाठ मारून आवळलेला.
पट्टा फडफडत होता, सगळं मशीन थरथरत होतं. तिने हात थांबवला नाही. "कोणी बसायला तयार नव्हतं. साहेब म्हणाले, तू बस, पोरीला शिकायला घेतो. बायांना मीच सांगितलं, तुला कळू देऊ नका म्हणून."
गुणांवर मिळालं होतं मला.

१७ जानेवारी
ठिपका लाल शाईने जागच्या जागी दिला. खाली लिहिलं — मशीन थांबवा, नाहीतर आणखी एक जाईल. तक्ता साहेबांना दिला नाही, खात्यातल्या भिंतीवर लावला. बाया कामं सोडून भोवती जमल्या. आईला वाचता येत नाही. तिने विचारलं, "यात मी कुठली?" मी दाखवलं. तिने ठिपक्यावर बोट ठेवलं, बराच वेळ. मग कमरेची गाठ सोडली.